किनाऱ्यावरची गर्दी आणि भामरागडचा संगम

दिवाळीचे हिशेब पुरे होतात, नव्या वह्यांचे पूजन होते आणि व्यापारी घरांतून दरवर्षीची चर्चा सुरू होते. दुकान चार-सहा दिवस मुनीमजींवर सोपवता येईल, मुलांच्या शाळांना सुट्टी आहे, तर जायचे कोठे? पुष्कळ घरांत उत्तर आधीच ठरलेले असते : गोवा. परतल्यानंतरची तक्रारही जवळजवळ ठरलेलीच असते. कळंगुटला पाय ठेवायला जागा नव्हती, बागा येथे मोटार उभी करण्यातच अर्धी संध्याकाळ गेली, खोलीचे भाडे ऐकून घाम फुटला, समुद्र दिसला तो माणसांच्या डोक्यांवरून. पुढच्या वर्षी मात्र पुन्हा तेथलीच तिकिटे काढली जातात.

या तक्रारीत अतिशयोक्ती फारशी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०१९ साली तेथे आलेल्या पर्यटकांची संख्या सुमारे ८० लाख होती. घरातल्या माणसांच्या पाचपट पाहुणे वर्षभरात येऊन जातात तेव्हा पाणी, रस्ते, कचरा आणि शेजारधर्म या सर्वांवर ताण पडणारच. कळंगुटचे जुने मासेमारीचे आणि भातशेतीचे गाव शोधायला गेलेल्या माणसाला ते आता हॉटेलांच्या मागच्या गल्लीत शोधावे लागते.

तरीही अशा शहराला सरसकट नावे ठेवणे न्यायाचे नाही. ते शहर पाहुण्यांच्या येण्यावर जगते. तेथील वाहनचालक, खोल्या देणारा घरमालक आणि किनाऱ्यावरचा फेरीवाला या सर्वांचा वर्षाचा हिशेब हंगामावर अवलंबून असतो. गुडघे दुखणारी आजी आणि तान्हे बाळ यांना एकाच वेळी सांभाळणाऱ्या कुटुंबाला तेथे डॉक्टर, लिफ्ट आणि शोधल्यास कांदा-लसणाविना जेवणही मिळते. गर्दी होणार हे ठाऊक असून त्या गर्दीसाठीच उभारलेल्या ठिकाणी जाण्यात गैर काही नाही. मन रमत असेल तर जावे, नसेल तर जाऊ नये. त्यात किनाऱ्याचा दोष नाही.

खरा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. गर्दीला कंटाळलेली मंडळी ‘जेथे कोणी जात नाही’ असे ठिकाण शोधू लागतात. विदर्भातील घरांतून अशा वेळी अलीकडे भामरागडचे नाव निघते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेवर वसलेले हे गाव. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या घरात होती. एवढी माणसे गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या एका संध्याकाळीही सहज मावतील. म्हणूनच किनारा सोडून तेथे निघालेल्या कुटुंबाने आपण काय शोधायला चाललो आहोत, याचा निघण्यापूर्वीच विचार करायला हवा.

नागपूरहून निघणाऱ्या श्रावकाला या प्रवासाचा आरंभ यात्रेसारखाच करता येतो. चंद्रपूरच्या रस्त्यावर प्रथम वरोरा लागते. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले आनंदवन येथेच आहे. पुढे भद्रावती, म्हणजे जुने भांदक. येथील स्वप्नदेव श्री केशरिया पार्श्वनाथांचे तीर्थ दूरदूरच्या भाविकांना परिचित आहे. सकाळची पूजा येथे करून, भोजनशाळेत जेवून दुपारपूर्वी चंद्रपूर गाठता येते. बल्लारपूर, गोंडपिपरी मागे पडतात, आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागवान दाटू लागते. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा फार मोठा भाग आजही वनाच्छादित आहे.

आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जाणारा जुन्या सागवृक्षांचा राखीव पट्टा आहे. २०१४ साली त्याला महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तेथल्या एखाद्या सागाच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहणारा माणूस आपसूक आवाज खाली आणतो. व्यापाऱ्याची नजर असेल तर त्या एका झाडात किती घनफूट लाकूड आहे याचा अंदाज मनात येऊन जातो. आणि ते झाड कोणीही तोडलेले नाही, ही गोष्ट त्याला अधिक विचारात पाडते.

आलापल्लीपासून भामरागडचे अंतर साधारण ६५ किलोमीटर. पेरमिली, ताडगाव अशी गावे मागे टाकत रस्ता हेमलकशाला येतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोक बिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आपल्या आयुष्याने वाढवला. वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता, माडिया भाषा येत नव्हती आणि रोगी विश्वास ठेवून जवळ येत नव्हते. अशा स्थितीत कंदिलाच्या उजेडात उपचार सुरू झाले. पुढे रुग्णालय वाढले, आश्रमशाळा झाली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन घरोघरी वाचले गेले आणि २०१४ साली त्यांच्या जीवनावरचा चित्रपटही आला. हेमलकशाचे नाव सर्वतोमुखी झाले आणि सुट्ट्यांत सहलींच्या गाड्या तिकडे वळू लागल्या.

तेथील प्राण्यांचे अनाथालय जैन कुटुंबाला विशेष जवळचे वाटेल. त्याच्या आरंभाची हकीकत प्रसिद्ध आहे. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिच्या अंगाला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉ. आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि वाढवले. त्यानंतर शिकारीत अनाथ झालेली पिल्ले प्रकल्पात येऊ लागली. हरणे, अस्वले, बिबटे अशी मोठी संख्या झाली. आपल्याकडील पांजरपोळांची परंपरा जाणणाऱ्यास ही जीवदया ओळखीची वाटेल. परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यावा. ते शिकारी क्रूर होते म्हणून शिकार करीत नव्हते, पोटाला अन्न नव्हते म्हणून करीत होते. डॉक्टरांनी त्यांना पापपुण्याचा उपदेश करून प्रारंभ केला नाही. औषध, शिक्षण आणि शेतीची जोड यांतून भूक कमी झाली, तसे पिल्लू जिवंत आणून देणे लोकांना पटत गेले. अहिंसेचा प्रसार रिकाम्या पोटासमोर कसा करावा, याचा हा वस्तुपाठ शिबिरांतल्या अनेक व्याख्यानांपेक्षा मोलाचा आहे.

हेमलकशाहून भामरागड अवघ्या तीन किलोमीटरवर. मध्ये पर्लकोटा नदी आहे. भामरागडच्या कडेला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिन्ही नद्या एकत्र येतात. वाळूचा विस्तीर्ण पट, पलीकडे छत्तीसगडचे डोंगर, मध्ये एखादी लाकडी डोंगी. तेथून पुढे इंद्रावती दोन राज्यांची सीमा आखीत दक्षिणेला जाते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. संध्याकाळी या संगमावर बसले असता पाण्याचा आवाज ऐकू येतो, एवढे सांगितले तरी किनाऱ्यावरून परतलेल्या माणसाला फरक कळेल.

मात्र हा संगम पर्यटकांसाठी उभारलेला नाही. त्या वाळूवरून स्त्रिया पाणी नेतात, त्या डोंगीतून आजारी माणूस रुग्णालयात येतो. हेमलकशाच्या रुग्णालयाबाहेर झाडाखाली चूल मांडून बसलेले कुटुंब दोन दिवस चालून आलेले असू शकते. ती त्यांच्या संकटाची घडी आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीतील एक ठिकाण नव्हे. कळंगुटला पाहुणा बेजबाबदार वागला तर त्याची सवय झालेला, त्याचे पैसे घेतलेला यजमान समोर असतो. भामरागडला तो थेट कोणाच्या तरी अंगणात उभा असतो. मोबाइल पुढे करून माडिया स्त्रीचे छायाचित्र घेणे, गोटुलविषयी ऐकीव चवदार प्रश्न विचारणे, मुलांपुढे चॉकलेटे उधळणे, संगमावर पत्रावळी व बाटल्या टाकून येणे, या गोष्टी गर्दीच्या किनाऱ्यावर चुकीच्या आहेतच. येथे त्यांचे वजन कित्येक पटींनी वाढते. शांततेच्या शोधात आलेली शंभर कुटुंबे जुन्याच सवयी घेऊन आली तर दहा वर्षांत येथेही कळंगुट होईल, आणि मग हीच कुटुंबे आणखी आतल्या एखाद्या गावाचा पत्ता विचारू लागतील.

व्यापारी घरांचा या अरण्याशी संबंध मात्र सहलीपेक्षा फार जुना आहे. सणाच्या बासुंदीवर आणि श्रीखंडावर जी चारोळी पेरली जाते, ती मध्य भारतातील अशाच जंगलांतून येते. वैशाखाच्या उन्हात आदिवासी स्त्रीपुरुष चाराची फळे वेचतात, धुतात, बी फोडतात, तेव्हा मूठभर चारोळी हाती लागते. मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक, बांबू यांचेही तसेच. एके काळी या पट्ट्यात मैदानातून येणारा व्यापारी मिठाच्या मोबदल्यात चारोळी नेत असे, कित्येकदा मापास माप. ज्याच्याकडे मीठ नाही त्याला मिठाची किंमत चारोळीएवढी वाटे, आणि शहरातील भाव त्याला ठाऊक नसे. व्यवहार दोघांच्या संमतीने होई. तो न्याय्य मात्र नव्हता.

जैन शास्त्राने या प्रकाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ येते : देताना कमी मापाने देणे आणि घेताना अधिक मापाने घेणे. शेठजींच्या पेढीवरचा तराजू बरोबर असला म्हणजे हा अतिचार टळला, असे मानण्याची प्रथा आहे. समोरच्याच्या अज्ञानाचे वजन आपल्या पारड्यात पडते काय, हा प्रश्न तराजू सोडवीत नाही. आज स्थिती पालटते आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजावर अधिकार दिला आणि गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदू व बांबूचे सौदे स्वतः करू लागल्या. भामरागडच्या आठवडी बाजारात उभा राहणारा पाहुणा म्हणूनच जरा जपून बोलेल तर बरे. मध श्रावकास वर्ज्यच. परंतु चारोळी, डिंक किंवा बांबूची टोपली घ्यायची झाल्यास सांगितलेला भाव द्यावा. दुकानात रोज घासाघीस करणाऱ्याला तेथे न करता परतणे हेच एक व्रत आहे.

प्रवासाची मर्यादा हा विषय जैन गृहस्थाला परका नाही. दिग्व्रतात दिशांची सीमा आखली जाते, देशव्रतात ती काही काळापुरती आणखी आवळली जाते आणि अनर्थदंडविरती निष्कारण होणारी हानी टाळायला सांगते. जाण्यापूर्वी ‘किती दूर’ यासोबत ‘कशासाठी’ हाही प्रश्न विचारायला शिकवणारी ही व्रते पर्यटनाच्या काळात जुनी वाटत नाहीत. चातुर्मासाचा नियम तर भामरागडला अक्षरशः लागू पडतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की ठेंगण्या पुलावरून पाणी जाते आणि गाव जगापासून तुटते. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे वारंवार घडले, बाजारपेठेत पाणी शिरले. साधू-साध्वी ज्या महिन्यांत एका स्थानी राहतात, त्या महिन्यांत गृहस्थानेही इकडे फिरकू नये. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतात, तेव्हा नद्या ओसरलेल्या असतात. तेथून माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ या प्रवासाला योग्य.

ज्या कुटुंबाला जायचे आहे त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या जिल्ह्याने कित्येक दशके नक्षलवादी हिंसा सोसली आहे. ती छाया अलीकडे विरळ होत असली तरी निघण्यापूर्वी आलापल्ली वा भामरागड येथे रस्त्याची चौकशी करावी आणि दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचावे. चौविहार पाळणाऱ्यांना हे जमण्यासारखेच आहे. भद्रावतीनंतर जैन भोजनाची सोय गृहीत धरू नये. खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची डाळ-तांदूळ आणि गाळणे सोबत असावे. हेमलकशाला जायचे तर आधी कळवून, तेथील वेळा व नियम पाळून जावे. प्राण्यांच्या पिंजऱ्यांपाशी आरडाओरडा करू नये. कचऱ्याची पिशवी भरून नागपूरला परत आणावी. आणि समोर आलेल्याला ‘जोहार’ म्हणावे. ‘जय जिनेंद्र’ इतकाच तो नम्र शब्द आहे.

तेव्हा गर्दीच्या किनाऱ्यावर जावे की न जावे? ज्यांना समुद्र, करमणूक आणि सोयी हव्यात त्यांनी बिनदिक्कत गोव्याला जावे, शक्य तर हंगाम टाळून जावे, आणि गर्दीची तक्रार करू नये. त्या गर्दीत तेही एक असतात. भामरागडला मात्र किनाऱ्याला पर्याय म्हणून जाऊ नये. सकाळी भद्रावतीला पूजा करून संध्याकाळी संगमावर मौन बसता येईल, रुग्णालयाच्या आवारात आवाज खाली ठेवता येईल आणि बासुंदीवरच्या चारोळीचा भाव पुन्हा एकदा मनाशी तपासता येईल, अशा कुटुंबाने तेथे अवश्य जावे. तीन दिवस लागतात. खर्च गोव्याहून पुष्कळ कमी येतो. मुले परतीच्या वाटेवर प्रश्न विचारतात आणि त्यांतील काहींची उत्तरे वडिलांना दुकानात बसून शोधावी लागतात.