कोसबाडच्या टेकडीवर

नाशिकहून जव्हारमार्गे एस.टी. डहाणूकडे निघाली की द्राक्षांचे मांडव मागे पडतात आणि साग, पळस, मोहाची झाडे सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बचत गटातल्या ११ जणी तिकडे गेलो, त्या खरे म्हणजे चिकूसाठी. कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. चिकूच्या फोडी वाळवून विकण्याचा धंदा कसा करतात, ते समजून घ्यायचे होते. त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन.

मला घरची एक गोष्ट सलत होती. नात तिसरीत आहे, अंगाने जरा जड. खेळाचा तास असला की नेमके तिचे पोट दुखते. एकदा मी शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून पाहिले. खो-खो चालला होता. मुले ३२. पाठलाग करणाऱ्यांतले ८ जण बसलेले, एक पळणारा, आणि त्याच्यापुढे तिघे. म्हणजे पळणारी चार, बाकी २८ बसून! आमची पोर पहिल्या झटक्यात बाद झाली आणि तास संपेपर्यंत मातीत रेघोट्या ओढत राहिली. जिला पळायची गरज जास्त, तीच सगळ्यांत कमी पळाली. खो-खोला मी नावे ठेवीत नाही. मीही खेळले आहे.

कोसबाडची टेकडी साधीसुधी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली जवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे या टेकडीवर आणले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतल्या केंद्रांचेही नाव तेच. वारल्यांची मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा रानात गेली, ती कुरणशाळा. मूल जिथे असेल तिथे शाळेने जायचे, असा त्या दोघींचा खाक्या.

संध्याकाळी खालच्या पाड्यात एक म्हातारबाबा तारपा वाजवीत होते. वाळलेल्या भोपळ्याचे ते लांबलचक वाद्य. ते मधे, आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसे भोवती. बाबा वळले की रांग वळे. शेपटाला चिल्लीपिल्ली लोंबकळत होती. एखाद्याचा पाय चुकला तर शेजारचा हात त्याला ओढून नेई. बाद कोणी नाहीच! मी नुसती बघत होते, तर एका बाईने मलाही ओढले. साठी उलटलेले गुडघे, तरी दोन फेऱ्या झाल्या.

गावी आल्यावर गुरुजींपाशी विषय काढला. ते म्हणाले, "आजी, चेंडू एकच आहे. शिवाय स्पर्धा तोंडावर आल्यात, संघ नको का तयार करायला?" त्यांचेही खोटे नव्हते. मग आम्ही जुन्या लुगड्यांचे ८ चेंडू शिवले, फुटक्या कौलांच्या कडा घासून ५६ चकत्या केल्या. आठ लगोऱ्या, एकेकीला चार मुले. नियम त्यांचे त्यांनी ठरवायचे, बाद झालेल्याने बसायचे नाही, समोरच्या बाजूला जायचे. गुरुजींनी मंगळवार दिला.

परवा नात घरी आली ती गुडघा खरचटून. "आजी, आमच्यात चेंडू डाव्या हाताने मारायचा. मी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं."

शुक्रवारी खो-खो असतो. त्या दिवशी पोट अजून दुखते.