खारेपाटण इला!

भाद्रपद तोंडावर आला की लालबाग-परळपासून विरार-नालासोपाऱ्यापर्यंत आणि डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत घराघरांत एकाच रस्त्याची चौकशी सुरू होते. परशुराम घाटात दरड आली का, कशेडीचा बोगदा चालू आहे का, माणगावच्या बाजारात गाड्या किती वेळ अडकतात, वडखळला खड्डे बुजवले की नाही. सरकारी कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे, त्याआधी तो १७ होता. चाकरमान्यांच्या तोंडी तो कायम मुंबई-गोवा हायवेच राहिला, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना गोव्याला जायचंच नसतं. त्यांना जायचं असतं कणकवली, मालवण, देवगड, कुडाळच्या एखाद्या वाडीतल्या मूळ घरी, जिथे सगळ्या भावकीचा मिळून एकच गणपती बसतो.

हा गणपतीच या प्रवासाचा धनी. पूजेची पाळी भावाभावांत फिरते, पण हजेरी सगळ्यांची लागते. मुंबईत चार बिऱ्हाडं झाली तरी गणपती चार होत नाहीत, म्हणून चारही बिऱ्हाडांना गावी यावं लागतं. मूर्तीचा पाट गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, आधीच पोचलेला असतो. आता माणसांनी पोचायचं असतं.

मग रात्री दहा-अकराला सोसायटीच्या फाटकाशी गाडी उभी राहते. आजी पुढच्या सीटवर, कारण मागे बसून तिचे गुडघे आखडतात. गाडी चालवायला मुलगा. मधल्या रांगेत सून आणि नणंद, त्यांच्या पायाशी मखराचं सामान, झांजांची पिशवी, चपात्या आणि बटाट्याच्या सुक्या भाजीचा डबा. अगदी मागे नातवंडं, कानात इअरफोन, मांडीवर उश्या. सत्तरीची आजी, पंचेचाळिशीचा मुलगा आणि पंधरा वर्षांची नात एवढा वेळ एकमेकांपासून हातभर अंतरावर बसतात, असा प्रसंग मुंबईच्या घरात वर्षभर येत नाही. घरात प्रत्येकाची वेळ वेगळी असते. सकाळी मुलगा लोकलमध्ये असतो, नात क्लासला, आणि आजी दुपारच्या रिकाम्या घरात. इथे मात्र दहा-बारा तास सगळ्यांना एकच वेळ, एकच खिडकी आणि एकच अंधार. ऐन गर्दीत दहाचे अठरा तासही होतात.

आजी त्या अंधारात नद्या सांगते. पनवेल सोडल्यावर पाताळगंगा, मग अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, पुढे बावनदी, काजळी, मुचकुंदी, राजापूरला अर्जुना आणि शेवटी खारेपाटणची शुक. सगळ्या सह्याद्रीत उगवणाऱ्या, सगळ्या पश्चिमेला धावणाऱ्या. रस्ता दक्षिणेला जातो, त्यामुळे त्याला एकेक नदी ओलांडूनच पुढे सरकावं लागतं. कोकणातला रस्ता म्हणजे पुलांचा हिशेब, आणि आजीला तो तोंडपाठ असतो. प्रत्येक पुलावर तिचे हात जोडले जातात.

सावित्रीच्या पुलावर गाडीतलं बोलणं थोडं थांबतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्यातली एक राजापूरहून बोरिवलीला निघाली होती. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किती घरांना ती गाडी आपली वाटली असेल! नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. वाशिष्ठी ओलांडताना २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर आठवतो, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या पाण्यात माळ्यावर बसून राहिलेलं असतं. नात इअरफोन काढते ती इथे. नदीचं नाव तिला शाळेत पाठ करायला लागलं असतं तर ती विसरली असती. इथे ते नाव माणसांना चिकटून येतं, म्हणून राहतं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला वाट अशीच सांगितली जाते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मध्यभागातून, दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत, स्टुअर्ट हायवे २,७०० किलोमीटरहून जास्त धावतो. वाटेत तांबडी माती, खुरटी झुडपं, आणि दोन पेट्रोल पंपांमध्ये कधी दोनशे किलोमीटरचं अंतर. पाण्याचे कॅन भरल्याशिवाय तिथे कोणी शहाणा माणूस निघत नाही आणि कांगारू आडवे येतात म्हणून रात्री गाडी हाकत नाही. मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेली मराठी मुलंही गावाहून आलेल्या आईवडिलांना याच मध्यभागातला उलुरूचा प्रचंड तांबडा खडक दाखवायला नेतात. तिथल्या अनांगु लोकांना हा प्रदेश रिकामा वाटत नाही. पूर्वज कुठून आले, कुठे थांबले, पाणी कुठे सापडलं हे सगळं त्यांच्या कथांत आणि गाण्यांत बांधलेलं आहे, आणि वडीलधारी माणसं मुलांना त्या त्या जागी नेऊन ते शिकवतात. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये उलुरूची मालकी त्यांना परत मिळाली आणि २०१९ पासून त्या खडकावर चढणं बंद झालं, कारण तो त्यांच्यासाठी पवित्र आहे. वाळवंटातल्या त्या आजीला आणि पुढच्या सीटवरच्या या आजीला एकमेकींची भाषा कळणार नाही, पण दोघींचं काम एकच आहे: वाट मुखोद्गत ठेवणं आणि पुढच्यांच्या स्वाधीन करणं.

फरक एवढाच की कोकणात प्रत्येक पिढीची वाट निराळी होती.

आजीच्या आईवडिलांची वाट समुद्रातून यायची. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत विजयदुर्ग, देवगड, मालवणला पोचे. विजयदुर्गला उतरून खाडीतून आत जाता येई. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये खारेपाटण या खाडीत पंचवीस मैल आत असल्याची नोंद आहे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि समुद्राची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या मनात राहिली. शिवाय पावसाळ्यात या बोटी बंद असत. शिमग्याला आणि मे महिन्यात बोट होती, गणपतीला नव्हती. तेव्हा आगगाडीने कोल्हापूर गाठायचं आणि तिथून फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट उतरायचा. भुईबावडा घाटातला रस्ता आजही खारेपाटणकडेच येतो.

आजीची स्वतःची वाट एसटीची. गिरणगावातल्या चाळीतून आधी गाववाल्यांच्या खोलीत नावं गोळा व्हायची, मग तिकिटं, मग ट्रंका टपावर. १९८२ चा गिरणी संप आला तेव्हा हीच गाडी उलट्या अर्थाने भरू लागली. किती कुटुंबं सण नसतानाही गावी परतली आणि मुलांना गावच्या शाळेत घातलं. आज गाडी चालवणारा मुलगा त्या परतलेल्यांपैकीही असू शकतो. त्याच्या तरुणपणी रेल्वे आली. मधु दंडवते १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं राजापूरचे खासदार होते आणि कोकण रेल्वे हा त्यांचा ध्यास होता. २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. आता गणपतीचं आरक्षण मिनिटांत भरतं. एसटीने २०२५ साली पाचेक हजार जादा गाड्या सोडल्या तरी त्या पुरल्या नाहीत. म्हणून स्वतःची गाडी, भाड्याची गाडी, मित्राची गाडी.

आणि नातीची वाट? ती चौपदरी व्हायची होती. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा ती बाळ होती. ती दहावीला गेली तरी वाटेत ‘काम चालू आहे’चे फलक आहेतच. एका पिढीचं बालपण रस्ता पूर्ण होण्याची वाट बघण्यात जावं, हे कोकणाने फार सोसलं आहे. कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा २०२३ च्या गणपतीआधी हलक्या वाहनांसाठी उघडला, तेव्हा घाटात ओकाऱ्यांनी बेजार होणाऱ्या पोरांना केवढं सुख झालं!

राजापूर मागे पडलं, हातिवल्याचा टोलनाका गेला की मागची रांग आपोआप जागी होते. मोबाइल वाजतो. पलीकडून काका विचारतात, “खंय पोचलास?” आणि उत्तर जातं, “खारेपाटण इला!” अजून मालवण दूर असतं, पण काका घरात मोठ्याने सांगतात की पोरं आली. चुलीवर चहाचं आधण चढतं ते या एका वाक्यावर.

खारेपाटण हे सिंधुदुर्गाचं दार. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला आणि शुक नदीकाठचं हे गाव वेशीवर आलं. आजी सून होऊन आली तेव्हा ही हद्द नव्हती, तरी खारेपाटणची खूण होतीच, कारण या गावाने हजार वर्षं लोकांची ये-जा मोजली आहे. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे १००८ सालचा. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण देवस्थानाला द्यावा, असं त्यात कोरलेलं आहे. इथलाच दुसरा ताम्रपट शिलाहार राजा अनंतदेवाचा, १०९४ च्या सुमाराचा. बलिपत्तनच्या श्रेष्ठी घराण्यातल्या दोन अमात्य भावांना त्याने ठाणे, नागाव, सोपारा आणि चौल या बंदरांत जकात माफ केली. काही अभ्यासक बलिपत्तन म्हणजे हेच गाव मानतात. आज सरकार ‘गणेशोत्सव कोकण दर्शन’चा पास देऊन चाकरमान्यांच्या गाड्यांना टोल माफ करतं. गाडीच्या काचेवर तो कागद चिकटवणाऱ्या मुलाला ठाऊक नसतं, पण या वाटेवरच्या माफीपत्रांची परंपरा नऊ शतकांहून जुनी आहे.

गावाने बंदराचं वैभव पाहिलं. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, वस्तीत जुनं जैन मंदिर आहे. खाडी गाळाने भरली, जहाजं थांबली, बाजार मात्र टिकला. पावसाळ्यात शुक नदी त्या बाजारातच शिरते, दुकानदार फळ्यांवर माल चढवून ठेवतात आणि पाणी उतरलं की चिखल काढून पुन्हा दुकान उघडतात. गणपतीच्या दिवसांत हायवेवर पोलिसांचा, आरोग्य पथकाचा मांडव लागतो. चहा पिऊन, पाय मोकळे करून, तोंडावर पाणी मारून माणसं पुढे निघतात.

२०२० साली हेच दार अडलं. करोनाच्या त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि सरकारने चाकरमान्यांना गावी पोचल्यावर दहा दिवस विलगीकरण सांगितलं होतं. खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग लागली. कागद, तापमान, हातावर शिक्का. घराच्या इतक्या जवळ येऊन दाराबाहेर उभं राहणं अनेक म्हाताऱ्यांना जिव्हारी लागलं, आणि गावातल्या माणसांची भीतीही खरी होती. काही घरांत त्या वर्षी पूजा गावच्या एकट्या भावाने केली आणि मुंबईच्यांनी ती मोबाइलवर पाहिली. गाडीत आता हा विषय निघाला की नातवंडंही सांगू लागतात. नद्यांच्या यादीत त्यांनी स्वतः घातलेली ही पहिली गोष्ट.

खारेपाटणनंतर गाडीतल्या कामांची वाटणी होते. गणपतीवर टांगायच्या माटवीला आंब्याचे टाळे, नारळ, शिप्टी, कवंडळं, तेरडा, हरणं, कांगलं कोणी आणायचं. कवंडळ कुठल्या कुंपणावर चढलेलं असतं हे आजीला ठाऊक, काढायला मात्र नातू लागतो. नात विचारते, ‘हरणं’ म्हणजे कुठली फुलं? आजी म्हणते, उद्या दाखवीन. नांदगाव जातं, कणकवली येते, आणि रस्त्याचं बोलणं हळूहळू घराचं बोलणं होतं: विहिरीला पाणी किती, पडवीचं छप्पर गळतं का, दारातल्या फणसाचं काय झालं, यंदा आरतीला वाडीतली किती पोरं आली आहेत. गणपतीपुढे गाऱ्हाणं कोण घालणार हा प्रश्न येतो. थोरले काका थकले आहेत. मुलाने ते इतकी वर्षं ऐकलं आहे, स्वतः कधी घातलेलं नाही. आजी ते गाडीतच त्याच्याकडून म्हणवून घेते, चुकलं की थांबवते.

परतीच्या गाडीत तांदूळ, नारळ, कोकमं, खाजा आणि पुढच्या वर्षाचा हिशेब असतो. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी, जुलैच्या मध्यावर उघडणार. पूजेची पाळी धाकट्या काकांकडे. थोरल्या नातवाला आता अठरावं लागलं आहे, लायसन्स मिळायचं आहे. तो म्हणतो, पुढच्या वर्षी गाडी मी चालवणार. बाप म्हणतो, घाटात नाही. आजी मध्ये पडते आणि खारेपाटण ते कणकवली एवढा सरळ टप्पा त्याला देऊन टाकते.