वळिवड्याची छावणी

कोल्हापूरला आलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि तृप्त मनाने परततो. यावेळी मी मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरली आणि वळिवड्याला उतरले. स्टेशन लहानसं, शहरापासून हाकेच्या अंतरावर. 1943 साली या गावाच्या शिवारात पोलंडमधली माणसं राहायला आली होती.

बहुतेक बायका आणि मुलं. 1939 मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन पोलंडवर चालून आले. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेली गेली. 1941 मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. भूक आणि तापाने वाटेत कितीतरी दगावले. उरलेल्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांनी आपल्या संस्थानातल्या बालाचडीत मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्यात सुमारे पाच हजार जणांची छावणी वसली.

त्याच 1943 साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती. आपलंच घर उपाशी असताना परक्यांचं ओझं कशाला, असं म्हणायला कारण होतं. तरीही इथं बराकी उभ्या राहिल्या, चर्च झालं, शाळा भरल्या, नाटकं रंगली. आईबरोबर बर्फात लाकडं वाहिलेल्या पोरांनी इथल्या उन्हात धुळाक्षरं गिरवली. छावणीतली एक मुलगी तर पुढे कोल्हापूरची सून झाली आणि इथलीच होऊन राहिली.

स्टेशनवरून चालत गांधीनगरात आले. आज ही कापडाची मोठी घाऊक पेठ. टेम्पोतून गठ्ठे उतरत होते, गादीवर साड्यांचे थर उलगडत होते. फाळणीनंतर याच छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासित आले. दुकानात बसलेल्या एका आजोबांना विचारलं, तर ते अस्खलित मराठीत म्हणाले, “ताई, आमचं घर सिंधमध्ये राहिलं. इथं आलो तेव्हा अंगावरचे कपडे तेवढे होते.” बोलता बोलता त्यांनी साडीची घडी पुन्हा पुन्हा नीट केली. एका दुःखाने रिकामी केलेली जागा दुसऱ्या दुःखाला मिळाली होती.

परतताना महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पाहिला आणि मग ख्रिस्ती दफनभूमीत गेले. तिथे मायदेशी परतू न शकलेल्या पोलिश लोकांच्या कबरी आहेत. दगडावरचं एक लांबलचक नाव अक्षर अक्षर लावत वाचलं. उच्चार चुकला असेल. पण न वाचता पुढे जाववेना.

वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. आपण मात्र शेजारच्या गावी जात नाही. मला वाटतं, दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी क्रूर असावं लागत नाही. सुखात मग्न असणं पुरतं. सायबेरियातली थंडी कोल्हापूरकरांनी थांबवली नाही, त्यांना ती थांबवता येणारही नव्हती. दाराशी आलेल्यांना त्यांनी शेजारी मानलं, एवढं त्यांच्या हातात होतं. आजही कुठल्यातरी युद्धातून, पुरातून उठलेली माणसं कुणाच्या तरी दाराशी उभी आहेत. कोल्हापूरला याल तेव्हा देवदर्शनानंतरचा अर्धा दिवस वळिवड्यासाठी ठेवा, आणि मुलांना बरोबर न्या. दुसऱ्याचं दुःख पाहायची सवय लहानपणीच लागलेली बरी.