शीटवर पार्थेनॉन नाही

शेवटच्या आठवड्यापर्यंत आमच्या स्केचबुकांत नुसते खांब माजले होते. ऑलिंपिया, डेल्फी, एपिडॉरस. बस थांबली की उतरायचं, खांब काढायचे, फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये. एपिडॉरसच्या नाट्यगृहात प्रत्येकाने मधोमध उभं राहून कागद फाडला आणि सगळ्यात वरच्या ओळीतल्यांनी "आला, आला" असं ओरडून पावती दिली. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचा आमचा हा अभ्यासदौरा पुण्याहून २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत निघाला होता. त्यामुळे रोल केलेल्या कार्ट्रिज पेपरइतकीच जागा बॅगांमध्ये चकलीच्या डब्यांनी खाल्ली होती.

अथेन्समध्ये मुक्काम कुकाकी भागातल्या एका हॉस्टेलवर होता, अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्याच रात्री सरांनी सगळ्यांना खालच्या खोलीत बसवलं.

"आता एलिव्हेशन पुरे. शेवटच्या शीटवर मला आख्खी इमारत दिसता कामा नये. सांधा काढा. दोन वस्तू जिथे एकमेकींना भेटतात ती जागा. एकच सांधा, पण आतून-बाहेरून पूर्ण."

"सर, इतक्या लांब येऊन सांधा?" आमच्यातला साताऱ्याचा मुलगा म्हणाला. त्याच्या मनात पार्थेनॉनची भलीमोठी पर्स्पेक्टिव्ह होती, घरी फ्रेम करून लावण्याजोगी.

"इतक्या लांब येऊनच. घरी काय मोजलंयस तू? कार्ले."

बरोबर होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही कार्ल्याचं चैत्यगृह मोजलं होतं. तिथे दगडाला दगड लावलेलाच नाही. डोंगर कोरत आत जायचं आणि नको तो दगड बाहेर काढायचा. सांधा शोधायचाच तर छतातल्या लाकडी फासळ्यांचा, त्याही अजून मूळच्या. एका मुलीने हेमाडपंती देवळांचं नाव काढलं. सर म्हणाले, "मग सिन्नरच्या गोंदेश्वराचा एक तरी सांधा काढलायस का तू?" ती गप्प. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांचे लेख आहेत, हे मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं, कारण व्हायव्हाला तो हमखास प्रश्न असतो. हे यवन खरोखर ग्रीक होते की नुसते पश्चिमेकडून आलेले कोणी, यावर वाद आहे. पण ज्या माणसांच्या मुलखात चिरा चिऱ्याला इतका घट्ट बसवत, त्यांच्यातल्या कुणीतरी सांधाच नसलेल्या वास्तूला दान दिलं असेल, ही कल्पना मला त्या रात्री फार आवडली. अजूनही आवडते.

शुक्रवारी, २५ ऑक्टोबरला अ‍ॅक्रोपोलिसवर गेलो. वर आज दिसणारा काँक्रीटचा रस्ता तेव्हा झालेला नव्हता. तो पुढच्या वर्षी झाला आणि त्यावरून जगभर भांडणं झाली. आम्ही चाललो ते उघड्या कातळावरून, लाखो पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या. टेप लावायची परवानगी नव्हती, संगमरवराला बोट लावलं तरी रखवालदार ओरडायचे. मग पावलांनी मोजायचं आणि बाकी डोळ्यांनी.

इ.स.पू. ४४७ ते ४३२, इक्टिनोस आणि कॅलिक्रातेस, दर्शनी बाजूला आठ खांब आणि लांबीला सतरा. सगळं पाठ होतं, आणि तिथे उभं राहिल्यावर त्याचा काही उपयोग नव्हता. समोर पिवळसर, मधाच्या रंगाचा दगड होता आणि त्यात अधूनमधून ठिगळासारखे पांढरेशुभ्र तुकडे. ते ठिगळ मला आधी खटकलं. इतकं नवं-नवं कशाला दाखवायचं?

त्याचं उत्तर सरांनी कुंपणाशी उभं राहून दिलं. पलीकडे दुरुस्तीचं काम चालू होतं. निकोलाओस बालानोस नावाच्या इंजिनिअरने १८९८ पासून पुढची काही दशकं इथे पडझड झालेले खांब उभे केले. त्याने दगड जोडायला लोखंडी पकडी वापरल्या. लोखंड प्राचीन ग्रीकांनीही वापरलं होतं, पण पकडीभोवती शिसं ओतून. शिशामुळे ओल आत जात नाही, आणि भूकंपात दगड किंचित हलला तरी ते दबतं. बालानोसने शिसं गाळलं. लोखंड गंजलं, गंजून फुगलं, आणि त्याने आतून संगमरवर फोडला. अडीच हजार वर्षं टिकलेला दगड दुरुस्तीने फुटला.

"आमच्या सोसायटीच्या गच्चीचं हेच झालंय," सातारकर एकदम म्हणाला. "सळई फुगली की स्लॅब सोडतो." त्याचे काका काँट्रॅक्टर. तिथून पुढे त्याने पर्स्पेक्टिव्हचं नाव काढलं नाही.

१९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली त्या सगळ्या लोखंडी पकडी काढून टायटॅनियमच्या बसवायचं काम सुरू झालं. पण मला थक्क केलं ते दुसऱ्या गोष्टीने. बालानोसच्या काळात नवा तुकडा बसवायचा तर जुन्या दगडाची ओबडधोबड फूट सपाट कापून घेत. आता जुन्याला टाकी लावायचीच नाही. त्याच्या फुटीचा प्लास्टरचा साचा घेतात, बिंदू-बिंदू मोजत तीच खाचखळगी नव्या दगडात उलटी उतरवतात, आणि नवा दगड जुन्याच्या फुटीत जाऊन बसतो. नवा दगडही पेंतेली डोंगराचाच. उद्या कुणाला नवा भाग काढून टाकावासा वाटला तर जुन्याला ओरखडा न काढता काढता येईल. पांढरं ठिगळ लपवायचं नसतं ते याचसाठी. सर सांगत होते की इथल्या पाथरवटांपैकी बरेच जण टिनोस बेटावरच्या पिर्गोस गावातल्या संगमरवराच्या शाळेत शिकून आलेले असतात. कुंपणापलीकडे एक जण टाकी चालवत होता. आम्ही वीसेक जण टक लावून बघतोय हे कळूनही त्याने एकदाही मान वर केली नाही.

उतरताना प्रोपिलायाच्या, म्हणजे महाद्वाराच्या भिंतीपाशी माझी रूममेट थबकली. भिंतीच्या दगडांवर मुठीएवढे उंचवटे होते. दगड उचलताना दोर अडकवायला ते ठेवत आणि बसवून झाल्यावर तासून टाकत. इथे ते राहून गेले, कारण इ.स.पू. ४३१ च्या युद्धाच्या तोंडावर काम थांबलं ते कायमचंच. "माझा सांधा हा," ती म्हणाली. तो सांधा नव्हता, पण तिच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नव्हती.

माझा सांधा मला दुसऱ्या दिवशी मिळाला, आणि तो अ‍ॅक्रोपोलिसवर नव्हताच.

समोरच्या फिलोपापूच्या टेकडीवर जाणारी पायवाट आहे. आदल्या दिवशी आम्ही तिच्यावरून चाललो असू तरी बघितली नव्हती. वर पार्थेनॉन दिसत असताना पायाखाली कोण बघतं? ही वाट दिमित्रिस पिकिओनिस या वास्तुरचनाकाराने १९५४ ते १९५७ मध्ये घडवली. तेव्हा तो पासष्टी ओलांडलेला प्राध्यापक होता. दगडी फरशी, संगमरवराचा तुकडा, जुन्या उंबरठ्याची कड, विटेचं खापर, मध्येच काँक्रीटची पट्टी, असं सगळं एकमेकांत बसवलेलं. कुठेही नक्षी पुन्हा येत नाही. पिकिओनिस गवंड्यांबरोबर आणि विद्यार्थ्यांबरोबर तिथेच उभा राहून एकेक दगड कुठे जाईल ते ठरवायचा.

हे तुकडे आले कुठून, ते सरांनी सांगितलं आणि मी खालीच बसले. पन्नाशीच्या दशकात अथेन्समधली एकोणिसाव्या शतकातली घरं धडाधड पाडली जात होती. मालकाने जागा द्यायची, बिल्डरने त्यावर अपार्टमेंट बांधायचं, बदल्यात मालकाला त्यातले फ्लॅट. हे पुण्याच्या पोरीला समजावून सांगायला नको. माझ्या आजोळचा वाडा शनिवार पेठेत होता. आता तिथे लिफ्ट आहे आणि पार्किंगवरून भांडणं आहेत. वाड्याचे सागवानी खांब जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने नेले, पुढे कुठल्या हॉटेलात उभे आहेत कोण जाणे. अथेन्समधलं पाडकाम थांबवणं पिकिओनिसच्या हातात नव्हतं. त्याने राडारोड्यातून दारं-खिडक्यांचे दगड उचलले आणि आपल्या वाटेत बसवले. लोक त्यावरून चालत पार्थेनॉन बघायला जातात.

तेवढ्यात घंटा वाजायला लागली. वाटेवरच आगिओस दिमित्रिओस लुंबार्दियारिस हे छोटं चर्च आहे. त्याची डागडुजीही पिकिओनिसने याच कामात केली, शेजारी लाकडी खांबांची पडवी उभारली. २६ ऑक्टोबर हा संत दिमित्रिओसचा दिवस, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आवार माणसांनी फुललेलं. सतराव्या शतकात एका तुर्की अधिकाऱ्याने याच दिवशी, प्रार्थना चालू असताना, समोरून तोफ डागायचं ठरवलं. पण आदल्या रात्री दारूगोळ्यावर वीज पडली आणि चर्च वाचलं, अशी आख्यायिका आहे. चर्चच्या नावातही ती तोफ आली आहे. प्रार्थना संपल्यावर आशीर्वाद घेतलेला गोडसर पाव कापून वाटायला सुरुवात झाली. एका आजींनी परातीतून एक जाड तुकडा माझ्या हातावर ठेवला, मग माझ्या कार्ट्रिज पेपरकडे बघितलं, आणि आणखी एक ठेवला. मी बॅगेतून शंकरपाळ्यांचा डबा काढून पुढे केला. त्यांनी दोन उचलले, एक खाल्ला, आणि दुसरा रुमालात बांधून घेतला. माझ्या आजीनेही नेमकं हेच केलं असतं.

त्या दुपारी मी वाटेवरचा दीड हात तुकडा निवडला. एक घोटलेली संगमरवरी पट्टी, बहुधा कुठल्यातरी खिडकीची, तिला लागून ओबडधोबड चुनखडक, मध्ये बोटभर फट, फटीत माती आणि त्यात उगवलेलं गवत. आणि एक गोष्ट काढायला बसल्यावरच कळली: पावसाचं पाणी त्या फटींमधूनच वाहून जातं, उताराच्या बाजूने.

रविवारी घड्याळं एक तास मागे गेली. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे जातात. नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी. फोन आपोआप बदलले, रूममेटचं मनगटी घड्याळ बदललं नाही, आणि तिने आम्हाला पहाटे साडेतीनला अभ्यंगस्नानाला उठवलं. गरम पाण्याच्या बॉयलरचं बटण तिथे बाथरूममध्ये नसून पॅसेजमधल्या फ्यूजच्या डब्यात होतं, ते सापडेपर्यंत सगळं हॉस्टेल जागं. उटण्याच्या वासाने एक जर्मन मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिलाही लावलं.

मग म्युझियम. बर्नार्ड चुमीची ही इमारत २००९ मध्ये उघडली. ती जुन्या वस्तीच्या उत्खननावर खांबांवर उभी आहे, आणि तो खालचा भाग नुकताच, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, लोकांना खुला झाला होता. वरचा मजला खालच्या मजल्यांच्या तुलनेत वळवलेला, पार्थेनॉनला समांतर. काचेतून समोर खरं देऊळ दिसतं. मंदिरावरची शिल्पपट्टी तिथे मूळच्या क्रमाने लावली आहे. अथेन्सकडे आहेत ते दगड मधाळ, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती. एका घोड्याचं शरीर मधाळ आणि डोकं पांढरं. काही लिहिलेलं नाही, कुणाला चोर म्हटलेलं नाही. भांडायची ही पद्धत मला फार हुशारीची वाटली. खाली एरेक्थिऑनच्या स्त्रीमूर्ती आहेत, पाच. सहावीची जागा मोकळी ठेवलेली. संध्याकाळी बाल्कनीत पणत्या लावून लक्ष्मीपूजन केलं. घरी व्हिडिओ कॉल केले, प्रत्येकीने थोडं रडून घेतलं आणि जेवायला गेलो.

सोमवारी पाडवा, आणि ग्रीकांचा 'ओही' दिवस. २८ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे मुसोलिनीने सैन्याला वाट द्या म्हणून बजावलं, आणि पंतप्रधान मेताक्सास यांनी नकार दिला. हा नकारच राष्ट्रीय सण झाला. लष्करी संचलन थेसालोनिकीला होतं, अथेन्समध्ये शाळांची मुलं चालतात. पांढरे शर्ट, पुढे झेंडा, कडेला आयांचे हात हलताहेत, आणि मुलांचं लक्ष आपली पावलं चुकू नयेत याकडे. आपल्याकडच्या पंधरा ऑगस्टला फार लांब जावं लागत नाही. त्या दिवशी पुरातत्त्वस्थळांना प्रवेश फुकट असतो, म्हणून निम्मा वर्ग पुन्हा वर पळाला. मी शीट पूर्ण करत बसले.

रात्री खालच्या खोलीत भिंतीला शीटं लावली. सातारकराचा सेक्शन सगळ्यात देखणा: पकड, शिसं, दगड, आणि शेजारी गंजलेल्या लोखंडाने पडलेली भेग. रूममेटचा उंचवटा खालून वर बघत काढलेला, दोराच्या ताणाच्या रेषांसकट. सर माझ्या शीटपुढे बराच वेळ उभे राहिले. "पाणी कुठे जातं ते दाखवलंयस. छान. पण हे गवत उन्हाळ्यात नसणार, तारीख टाक." मी तारीख टाकली. मंगळवारी भाऊबीज विमानतळावर गेली. ज्यांना वर्गात बहिणी मानलं होतं त्यांनी मुलांना रांगेत उभं करून ओवाळल्यासारखं केलं आणि उरलेले बेसनाचे लाडू संपवले, नाहीतर वजन जास्त भरत होतं.

डिसेंबरमध्ये कॉलेजात व्हायव्हा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं शीट उलटसुलट पाहिलं.

"ग्रीसला गेला होतात ना? यात पार्थेनॉन कुठे आहे?"

उत्तरेच्या खुणेखाली, उजव्या कडेला मी एक बारीक बाण काढला होता. तो दाखवला. "इकडे, सर. चढ आहे, पण रस्ता चांगला आहे."