ईसीजी नॉर्मल, पण जीव घाबरतो

इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारे एक मुस्लिम गृहस्थ माझ्याकडे तीनदा आले. तक्रार एकच, छातीत धडधड. दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल आला, गॅसची गोळी दिली. चूक माझीच. तिसऱ्यांदा विचारलं, "भाई, नींद आती क्या?" आणि ते रडले. कर्ज, बंद पडलेले माग, शिवाय 'मोहल्ल्यात कळलं तर पागल म्हणतील' ही भीती. एरवी ते अस्खलित मराठी बोलतात; दुःख मात्र घरच्या बोलीत बाहेर आलं.

पुरुष सहसा 'मन उदास आहे' म्हणत नाहीत. डोकं जड, अपचन, मुंग्या असंच सांगतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी विषय संपवू नका. दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर डॉक्टरांना सांगा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. कोल्हापुरात सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

ते गृहस्थ आता शुक्रवारी नमाजनंतर येतात. परवा धाकट्या भावाला घेऊन आले. त्यालाही म्हणे गॅसचाच त्रास आहे.