आमची गोधडीची शिकवणी



आम्ही दोघी सख्ख्या जावा. थोरली बारामतीत राहते, धाकटी इंदापुरात. गोधड्या, दुपटी आणि पिशव्या शिवून विकण्याचा आमचा व्यवसाय आहे आणि गेली सहा वर्षे आम्ही गोधडीची शिकवणीही घेतो. हे सांगितले की पुष्कळजणी हसतात. गोधडी काय शिकवायची असते? ती तर आईच्या मांडीशी बसून येते. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्याही पहिल्यांदा हेच म्हणाल्या होत्या, "चिंध्या जोडायला शिकायचं, अन् त्याला पैसं बी द्यायचं? कोन येतंय?" आज त्याच आमच्या मुख्य शिक्षिका आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण टाका पाहून शिवणारीचा स्वभाव सांगतात.

शिकवणी आम्ही हौसेने सुरू केली नाही, हिशेबाने केली. तो हिशेब इथे मांडतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच भगिनी घरी बसून शिवणकाम करतात आणि हिशेब मात्र करीत नाहीत. पाच फूट बाय सात फुटांची हाताने शिवलेली गोधडी घ्या. दिवसाला पाच तास बसले तर बारा दिवस लागतात, म्हणजे साठ तास. ती आमच्याकडून ३,००० रुपयांना जाते. कापड आणि दोरा यांचे ७०० वजा केले तर हातात २,३०० राहतात. तासाला अडतीस रुपये झाले. आमच्याकडे खुरपणीला सहा तासांचे तीनशे मिळतात, गोधडीला सहा तासांचे दोनशे तीस. म्हणजे सुई धरण्यापेक्षा खुरपे बरे! भाव वाढवावा म्हटले, तर गिऱ्हाईक यंत्रावर शिवलेली गोधडी दाखवते आणि ही निम्म्या किमतीत मिळते म्हणते.

आता शिकवणीचा हिशेब. बाराजणी, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे ७,२००. त्यातून कापड-दोऱ्याचे १,८००, खोलीचे भाडे ५००, चहा-नाश्ता ३०० आणि एस.टी.चे व सामानाचे ४०० गेले. उरले ४,२००. आम्ही दोघी एक दिवस तयारीत आणि एक दिवस शिकवण्यात घालवतो, तेव्हा दिवसाला एकीच्या वाट्याला १,०५० पडतात. आत्या आल्या तर तीन वाटे होतात, तरी परवडते. शिवाय त्या बाराजणींतल्या दोघी-तिघी दिवस संपता संपता विचारतात, "हे आमच्याने पुरे व्हायचे नाही, तुमच्याकडची तयार गोधडी कितीला?" आणि या बायका भावात घासाघीस करीत नाहीत. एका वितीच्या चौकोनात किती टाके बसतात, हे त्यांच्या बोटांना कळलेले असते.

एका दिवसात अख्खी गोधडी होत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. दीड फुटाचे आसन धरायला देतो. कापड धुतलेले, खळ गेलेले हवे. पहिला तास नुसते थर अंथरण्यात जातो. जमिनीवर पसरायचे, तळहाताने मधून कडेकडे सारत सुरकुती काढायची, मग वीत वीत अंतरावर कच्चे टाके घालून टाचून घ्यायचे. पूर्वीच्या सुती लुगड्यांना एवढे टाचावे लागत नसे, सूत सुताला धरून राही. आता घरोघरी नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या. त्या एकीवरून एक घसरतात आणि न टाचता शिवले तर मध्ये फुगा येतो. मग कडेपासून धावदोरा धरायचा आणि फिरत फिरत आत जायचे. दोरा हातभरच घ्यायचा. प्रत्येकीला वाटते लांब घेतला तर सुई कमी वेळा ओवावी लागेल, आणि प्रत्येकीचा गुंता होतो. इथे आत्या काही बोलत नाहीत, गुंता झाला की फक्त कात्री पुढे करतात.

टाके सारखे यावेत असा आमचा आग्रह नसतो. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी पट्टी काढून मापे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आत्यांनी ती पट्टी काढून घेतली आणि बोटाचे पेर दाखवले. प्रत्येकीचे पेर वेगळे, म्हणून प्रत्येकीची गोधडी वेगळी.

आता जरा कडू गोष्ट. दोनेक वर्षांमागे शहरातल्या एका संस्थेने आम्हाला बोलावले. पत्रात 'कार्यशाळा' असा शब्द होता. गेलो तर सजवलेल्या बैलगाडीजवळ एक चटई अंथरलेली. आत्यांनी तिथे बसून शिवायचे, शेजारी जाते मांडलेले, मध्ये मध्ये दोन घास दळूनही दाखवायचे. लोक येत, फोटो काढत आणि पुढे जात. कोणी काही विचारले नाही, मग शिकणे तर दूरच. तासाभराने आत्या उठल्या. म्हणाल्या, "मी काय जत्रंतली भावली हाय?" संध्याकाळी शाल आणि नारळ मिळाला. मानधनाचे विचारले तर, "तुमच्या कलेला व्यासपीठ दिले ना!" असे उत्तर आले. शाल बरी होती, पण शालीवर एस.टी.चे तिकीट मिळत नाही.

तेव्हापासून बोलावणे आले की आम्ही उलट टपाली अटी कळवतो. शिकणाऱ्या पंधरांहून जास्त नकोत. टेबल, खुर्च्या आणि एक फळा हवा. शिकवणारीचे पूर्ण नाव लिहावे, नुसते 'बचत गटाच्या महिला' असे नको. निम्मे पैसे आधी. आत्यांना खुर्ची द्यावी, त्यांना खाली बसायचे असेल तर त्या आपल्या मर्जीने बसतील. या पत्रामुळे काही बोलावणी परत फिरली. जी टिकली ती मात्र चांगली निघाली. आमच्या भागातल्या बायका आता पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी माल घेऊन जातात, आपल्या मालाचा भाव आपण सांगतात. मग शिकवण्याचा भाव सांगताना जीभ का अडखळावी?

सर्वांत अवघड प्रश्न कापडाचा आहे. त्यावर आमच्या घरातच अजून एकमत नाही.

गोधडी जुन्या कापडाची, हे जगाला माहीत आहे. पण जुने कापड कोणाचे? आत्यांचे माहेर इंदापूर तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी घरात ज्या वाकळा होत्या, त्यांत मढ्यावरचे कापड असे. गावकीच्या कामात ते हक्काचे म्हणून पदरात पडे, आणि 'हक्क' हा शब्द तिथे किती खोटा होता हे आपल्याला सांगायला नको. बाबासाहेबांनी १९२८ सालीच कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले होते की अंगावरच्या ज्या कपड्यांनी आणि दागिन्यांनी जात ओळखू येते ते टाकून द्या. आत्यांच्या आईने हे ऐकलेले होते. १९५६ साली धर्मांतर झाल्यावर तिने देव्हाऱ्याबरोबर त्या सगळ्या वाकळाही उकिरड्यावर नेऊन टाकल्या. आत्या तेव्हा आठ वर्षांच्या. त्या हिवाळ्यात भावंडे पोत्यात पाय घालून झोपली, हे त्या हसत सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात आईने मजुरीच्या पैशातून मांजरपाट आणला आणि स्वतःच्या दोन लुगड्यांना जोडून पहिली गोधडी शिवली. त्या गोधडीचा एक तुकडा आत्यांच्या पेटीत अजून आहे.

म्हणून आमचा नियम असा की विक्रीची गोधडी आम्ही कारखान्यांतल्या कोऱ्या कटपीसची करतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवण्याचे कारखाने झाल्यापासून हा माल किलोवर मिळतो. शिकवणीला येणारीने आपल्या घरचे जुने कापड आणावे, आपणच कापावे, आपणच शिवावे. त्यात आईचे लुगडे असते, नवऱ्याचा पहिला सदरा असतो, ते ज्याचे त्याने हाताळलेले बरे. पण शिकवणी संपल्यावर कोणीतरी गाठोडे पुढे करतेच, "घरात पडूनच आहेत, तुम्हाला उपयोगी पडतील." आम्ही नमस्कार करून परत देतो. एकदा एक बाई दुखावल्या. "अहो, धुतलेले आहेत!" म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे आम्हाला कळत होते. तरी घेतले नाही.

थोरलीची मुलगी पुण्यात शिकते. तिला हे पटत नाही. तिचे म्हणणे असे की जुने कापड वाया जाऊ न देणे ही आता जगभर नावाजली जाणारी गोष्ट आहे, आणि फुकटचा माल नाकारून आम्ही गोधडीमागे चार-पाचशे रुपये घालवतो. हिशेबाने तिचे बरोबर आहे. धाकटीही अलीकडे तिच्या बाजूला झुकते. आत्या म्हणतात, "मी मेल्यावर काय करायचं त्ये करा." थोरली गप्प बसते. एवढ्यावर हा विषय थांबतो, आणि दर गाठोड्याला पुन्हा निघतो.

याच मुलीने आम्हाला अमेरिकेतल्या गोधड्या दाखवल्या. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे गाव आहे. गुलामांच्या वंशजांची वस्ती. तिथल्या बायका शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. काळ्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या गावी जाऊ नये म्हणून १९६२ साली त्यांची नाव बंद करण्यात आली, ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. १९६६ साली त्या परिसरातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे एका मोठ्या दुकानदार कंपनीचे उशांच्या अभ्य्रांचे काम त्यांना मिळाले. पैसा आला, पण सगळे अभ्रे एकसारखे हवे असत. २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्यांच्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेने त्यांची टपाल तिकिटे काढली. आता त्या बायका शिकवायलाही जातात. आत्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि विचारले, "कापड त्यांचं सोताचंच व्हतं न्हवं?" मुलगी म्हणाली, "हो आजी, स्वतःच्याच घरचं." मग त्यांनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

वस्तीतल्या काही भगिनी आम्हाला विचारतात की सरकार शिकणारीला पैसे देते, तुम्ही उलटे घेता, हे कसे? त्यांचे बोलणे पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दल असते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिकताना दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. शिंपीकाम त्यात आहे, गोधडी वेगळी म्हणून नाही. पिढीजात धंद्याच्या नावाने योजना आखणे आम्हाला खटकते. बाप जे करी तेच मुलाने करावे, यातूनच तर आपण बाहेर पडलो. पण ज्या भगिनीला यंत्र घ्यायचे आहे, तिने हक्काने अर्ज करावा, पैसा जनतेचाच आहे. आमच्यामागे मात्र सरकारची तिजोरी नाही. वस्तीतल्या मुलींनाही आम्ही फी लावतो, फक्त चार हप्त्यांत घेतो. सुरुवातीला फुकट शिकवून पाहिले होते. वीस मुलींनी नावे दिली, तिसऱ्या रविवारी तिघी उरल्या. हप्ते लावल्यावर नऊजणी आल्या आणि नऊच्या नऊ टिकल्या.

त्यांपैकी निमगाव केतकीच्या एका मुलीने गेल्या वर्षी स्वतःची शिकवणी काढली, आमच्यापेक्षा शंभर रुपये कमी फी लावून. इंदापूरच्या दोनजणी आमच्याकडे नाव देऊन तिच्याकडे गेल्या. आम्हाला राग आला, खोटे कशाला बोला. पण गोधडी काही आम्ही शोधून काढलेली नाही. तो धावदोरा सगळ्यांच्या आजींचा आहे. धाकटी एस.टी.ने तिच्याकडे गेली, तिचा वर्ग पाहिला. चांगला चालला होता. कोपरा वळवायला तर ती आमच्याहून सोप्या रीतीने शिकवते, तो कागदाची घडी घालून आधी दाखवते. धाकटीने तिला आमचा हिशेबाचा कागद दाखवला आणि पाचशेत तिची मजुरी किती सुटते ते मांडून दिले. तिने या दिवाळीपासून फी सहाशे केली. बारामती आणि भवानीनगरचे वर्ग आम्ही घेतो, निमगाव तिच्याकडे, इंदापुरात आळीपाळीने. दोरा आता तिघींचा एकत्र सोलापूरहून येतो, किलोमागे वीस रुपये स्वस्त पडतो.