मायलेकींची जमीन

जमीन गहाण टाकायला चारच कारणं चालतात. घरात प्रेत पडलं आहे आणि मातीच्या खर्चाला पैसा नाही. मुलगी लग्नाची झाली आहे आणि लग्न पैशावाचून अडलं आहे. मोठ्या घराचं छप्पर गळतं आहे. किंवा घराण्याचा प्रमुख, म्हणजे पेंगुलु, राहिलेला नाही आणि नव्याला त्या पदावर बसवायचं तर गावजेवण घालावं लागणार आहे. पाचवं कारण नाही. मोटारसायकल नाही, धंद्याचं भांडवल नाही, एखाद्या मुलाची हौस तर नाहीच नाही. आणि विकण्याचा प्रश्न या चारांतही येत नाही. गहाण, तेवढंच.

इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रात राहणाऱ्या मिनांगकाबाउ लोकांचा हा नियम. ऐकला तेव्हापासून मी त्या चार कारणांकडे पुन्हा पुन्हा वळते. त्यांतलं एकही एकट्या माणसाचं नाही. प्रेत घरातलं, लेक घराची, छप्पर घराचं, प्रमुख घराण्याचा. जमीन सगळ्यांची, म्हणून अडचणही सगळ्यांची असेल तरच तिला हात लावायचा. नियम ताणले जातात हे खरं. शिक्षणाच्या खर्चासाठीही गहाण पडतं, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. पण ताणतानाही माणसं आधी ती चार कारणं आठवतात आणि आपलं कारण त्यांच्याजवळ कुठे बसतं ते सांगत बसतात. कायदा जिवंत असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

मारापी ज्वालामुखीच्या उतारावर, ताना दातार जिल्ह्यात, हा नियम पाळणारी अनेक गावं आहेत. गावाला तिथे नगारी म्हणतात. सर्वांत जुनी मानली जाते ती पारियांगान. गरम पाण्याचे झरे, त्यांना लागून मशीद, तिच्याभोवती उतरत गेलेली घरं, आणि खाली भाताची खाचरं, एकाखाली एक. बांधावर केळी, वरच्या रानात दालचिनी. जुन्या घरांचं छप्पर दोन्ही टोकांना शिंगासारखं वर गेलेलं, काळ्या ताडतंतूंनी शाकारलेलं. हे रुमाह गदांग, मोठं घर. त्याच्या मागच्या बाजूला ओळीने खोल्या, लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला एक. मुलग्यांना खोली नाही. जुन्या रिवाजात मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की रात्री झोपायला सुराउत, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, जायचा. तिथे कुराण शिकायचं, सिलात या लढण्याच्या कलेचे डाव शिकायचे, मोठ्यांच्या गप्पा ऐकायच्या. पुढे लग्न झालं की बायकोच्या घरी. पण तिथेही तो पाहुणाच.

मी त्या भागात राहिले ते एका पेन्शनर शिक्षिकेच्या घरी. सगळे त्यांना बुंदो म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं मोठं घर शेजारीच होतं, बंद. कुटुंब आता विटांच्या छोट्या घरात राहतं. अशी बंद मोठी घरं गावोगाव दिसतात, छपराला पत्रा आलेली, काही एका बाजूला कललेली. एका संध्याकाळी बुंदोंनी कपाटातून एक गुंडाळी काढून सतरंजीवर पसरली. ती त्यांच्या काउमची रांजी होती, घराण्याची वंशावळ. सगळ्यांत वर एक बाई. तिच्या मुली, मुलींच्या मुली, अशा रेघा खाली फुटत गेलेल्या. मुलग्यांची नावं होती, पण त्यांच्यापाशी रेघ थांबत होती. त्यांची मुलं त्यांच्या बायकांच्या घराण्याच्या रांजीत सापडणार.

आमच्या घराण्याची वंशावळ मी लहानपणी काकांकडे पाहिली आहे. तिच्यात माझी आजी नव्हती. आजोबांच्या नावाखालून रेघ सरळ वडिलांकडे गेलेली, जणू मध्ये कुणी बाळंतपण सोसलंच नव्हतं. बुंदोंच्या कागदावर बोट फिरवताना मला एकदम माझी आई आठवली. माझे मामा गेल्यावर ती आणि तिच्या बहिणी एका सरकारी कचेरीत हक्कसोडपत्रावर सह्या करायला गेल्या होत्या. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांइतका वाटा दिला, 2005 साली तो देशभर झाला. तरी बहिणी सही करतात, कारण माहेर तुटू नये असं त्यांना वाटतं. बुंदोंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग म्हातारपणी तुझी आई कुणाच्या घरी परतणार?" त्यांच्या मते परतायची जागा हाच जमिनीचा अर्थ. नवरा गेला, घटस्फोट झाला, परगावचा धंदा बुडाला, तरी आईच्या घराण्याच्या जमिनीवर बाईचा हक्क तसाच राहतो. तो तिला कुणी दिलेला नसतो, म्हणून काढूनही घेता येत नाही.

हे सारं ऐकायला फार गोड वाटतं, म्हणून त्याची दुसरी बाजू लगेच सांगायला हवी. जमीन बायकांच्या रेघेने जाते, पण तिच्यावर बोलतो मामा. आईचा भाऊ, घराण्याचा कर्ता. बैठकीत तोच बसतो, वाद तोच मांडतो, कागदावर सही त्याची. थोरल्या बायकांच्या संमतीशिवाय त्याचा निर्णय टिकत नाही हे खरं, पण संमती देणं आणि निर्णय घेणं यांत अंतर आहे. जमिनीचे तुकडे करायचे नाहीत, म्हणून बहिणींना कसण्यापुरते वाटे लावून दिले जातात. जमीन थोडी असली तर खाचर पाळीने फिरतं, यंदा हिच्याकडे, पुढच्या साली तिच्याकडे. ज्यांची मुलं परगावी आहेत त्या शेत अर्धेलीने देतात. आणि ज्या काउममध्ये मुलगीच झाली नाही ते संपलं असं समजतात. त्याची जमीन जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या काउमकडे जाते. मुलगी व्हावी म्हणून नवस बोलणारी घरं मी तिथेच पाहिली.

पुरुषांचं काय होतं? ते निघून जातात. याला तिथे मेरांताउ म्हणतात, आणि तो जवळजवळ संस्कारच आहे. ज्याच्या वाट्याला मालकीचं शेत नाही आणि निजायला खोली नाही, त्याने जगात जावं, शिकावं, कमवावं. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातली कितीतरी माणसं या छोट्याशा मुलखातली आहेत: मोहम्मद हत्ता, सुतान शाहरिर, तान मलाका, हाजी आगुस सालिम. देशभर पसरलेली पादांग खाणावळ हीही याच वाटेने गेलेल्यांची निर्मिती. घरात जागा नसणं हे त्या मुलग्यांना डाचत असेलच. त्यांच्यातल्याच एकाने ते लिहूनही ठेवलं आहे.

मानिंजाउ सरोवराकाठच्या सुंगाई बातांगमध्ये जन्मलेल्या हामकांनी 1938 साली एक कादंबरी क्रमशः छापली, 'तेंगेलामन्या कापाल वान देर वेइक'. ती एका जहाजाच्या नावाने ओळखली जाते, पण तिची सुरुवात जमिनीपासून होते. एका तरुणाला लग्नासाठी घराण्याची जमीन गहाण टाकायची असते. मामा नाही म्हणतो. मुलीच्या लग्नासाठी गहाण चालतं, मुलग्याच्या नाही. भांडण विकोपाला जातं, मामाचा खून होतो, तरुण हद्दपार होऊन शेवटी माकास्सारला पोचतो आणि तिथल्याच बाईशी लग्न करतो. त्यांचा मुलगा झैनुद्दीन पुढे बापाच्या गावी येतो तर त्याला कुणी आपलं मानत नाही, कारण त्याची आई मिनांगकाबाउ नाही. रांजीत त्याला जागाच नाही. चार कारणांच्या त्या सुंदर यादीखाली हा पोरगाही आहे, आणि त्याला विसरून मला या प्रथेची बाजू घ्यायची नाही.

हा समाज अत्यंत धार्मिक मुसलमान आहे. इस्लामी वारसा तर मुलग्याला मुलीच्या दुप्पट देतो. मिनांगकाबाउ विद्वान अहमद खातिब मक्केच्या मोठ्या मशिदीत इमाम होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी आपल्या लोकांच्या या वारसापद्धतीवर कडक टीका केली, आणि ते परत मायदेशी राहायला आले नाहीत. त्यांच्या शिष्यांनी मात्र वाट काढली. हामकांचे वडील अब्दुल करीम अमरुल्ला यांनी या जमिनीला वक्फसारखं मानलं: जी कुणाच्या मालकीची नाही, तिची वारसांत वाटणी करायची कशी? मला या उत्तरात केवळ तडजोड दिसत नाही. ज्याला आपण मालक म्हणतो तो इथे नाहीच. आहेत ते मागून आलेली वस्तू पुढे पोचवणारे. 1952 साली बुकितिंगीला धर्मपंडित, घराण्यांचे प्रमुख आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि हिशेब स्पष्ट झाला: पूर्वजांकडून आलेली पुसाका जमीन रिवाजाप्रमाणे, स्वतः कमावलेली मालमत्ता शरियतप्रमाणे. बाप आपल्या कमाईतून मुलांना घर बांधून देऊ शकतो. पूर्वजांची जमीन त्याच्या मुलांना मिळणार नाही, भाच्यांनाच मिळेल.

गहाणाची रीतही यातूनच आलेली. ते कब्जेगहाण असतं. पैसे देणारा शेत कसतो, पीक घेतो, आणि सोडवायला कधीही कुणी येऊ शकतं, नातवंडंसुद्धा. रक्कम रुपियात नव्हे, सोन्यात ठरते. तिथलं एक माप अडीच ग्रॅमचं, आपल्याकडच्या हिशेबात पाव तोळा. रुपिया कितीही घसरला तरी कुणी कुणाला बुडवत नाही. इंडोनेशिया सरकारने 1960 साली कायदा केला की शेतजमीन 7 वर्षं गहाण राहिली तर ती पैसे न घेता परत करायची. गरिबाच्या भल्यासाठीच केलेला कायदा. नगारीत मात्र लोक त्याच्या आधाराने जमीन मागायला कचरतात. अडीनडीला ज्याने सोनं दिलं, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

त्याच वर्षीच्या 24 सप्टेंबरला इंडोनेशियाचा मूळ जमीनकायदा आला. त्यात गावांच्या सामूहिक हक्काला मान्यता आहे, पण राष्ट्रहिताच्या आड येत नसेल तर, अशी अट घालून. त्या अटीतून फार जमीन गेली. पामतेलाच्या मळ्यांसाठी नगारींनी आपली रानं मोबदला घेऊन दिली ती वापरायला दिली असं समजून. मुदत संपल्यावर ती गावाकडे परत न येता सरकारी जमीन ठरते हे नंतर कळलं. 1979 च्या कायद्याने तर सगळ्या देशातली गावं जावाच्या गावासारखी व्हावीत म्हणून नगारींचे तुकडे केले. 2000 साली पश्चिम सुमात्राने त्या पुन्हा जोडल्या. जवळजवळ वीस वर्षं कारभाराच्या कागदावर नसलेली गावं लोकांनी रांज्यांमधून आणि रिवाजातून जिवंत ठेवली होती.

11 मे 2024 च्या रात्री मारापीवरची राख आणि दगड पावसाने खाली आणले. आगाम, ताना दातार आणि आसपास मिळून साठहून अधिक माणसं गेली, खाचरं गाळाखाली गाडली गेली. त्यानंतर बुंदोंच्या मुलीने मला फोनवर जे सांगितलं ते मी विसरत नाही. त्यांच्या काउमचं वरचं शेत वाहून गेलं होतं. दुसऱ्याच महिन्यात बैठक झाली आणि खालच्या शेताची पाळी नव्याने लावली, ज्या बहिणीचं शेत गेलं तिची पाळी पहिली. खासगी मालकी असती तर एक घर उद्ध्वस्त झालं असतं आणि शेजारचं नुसतं हळहळलं असतं. इथे नुकसानाचीही वाटणी झाली.

आता गावात सरकारी मोजणीची माणसं येतात. 2017 पासून इंडोनेशियाने देशातली सगळी जमीन नोंदवून प्रमाणपत्रं द्यायची मोहीम घेतली आहे. प्रमाणपत्राशिवाय बँक दारात उभी करत नाही, आणि अतिक्रमणाविरुद्ध कोर्टात कागदच लागतो. तेव्हा नोंदणी नकोच असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. प्रश्न नाव कुणाचं, हा आहे. अर्ज भरायला जातो तो मामा, म्हणून पुष्कळदा नाव त्याचंच लागतं. तो वारला की कायद्याने त्याचे वारस म्हणजे त्याची मुलं, आणि ती तर दुसऱ्याच काउमची, बायकोच्या रेघेतली. एका सहीने शंभर वर्षांची रेघ वळते आणि बहिणींना पत्ता लागतो तो विक्रीच्या वेळी. अशी भांडणं आता कोर्टात आहेत. नगारीच्या सामूहिक जमिनीचंही प्रमाणपत्र द्यायला सरकारने अलीकडे सुरुवात केली आहे, ते स्वागतार्ह आहे, पण घराण्याच्या शेताचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मला वाटतं, उपाय गावात आधीच आहे. प्रमाणपत्राला रांजी जोडावी, नगारीच्या रिवाजसभेने तपासलेली. मामाचं नाव मालक म्हणून लागू नये, कर्ता म्हणून लागावं. आणि गहाण असो वा भाडेपट्टा, त्या रांजीतल्या सज्ञान बायकांच्या सह्या झाल्याशिवाय कुठल्याही कचेरीने तो नोंदवू नये. बुंदोंची मुलगी सध्या तिच्या मामाबरोबर जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात याच मागणीचा अर्ज घेऊन जाते आहे. तिथल्या कारकुनाने तिला सांगितलं आहे की अर्जाच्या छापील फॉर्मात इतक्या नावांना रकाने नाहीत. तिने फॉर्मला पुरवणी कागद जोडला आहे.